साठ मिनिटांच्या कॅसेटमध्ये न मावलेलं: सॉफ्ट मशीनचा 'थर्ड'

पार्सल मंगळवारी दुपारी आलं, नेमकी पोळ्या लाटत होते तेव्हा. फूटभर लांब, फूटभर रुंद चपटा खोका, आणि त्याचा एक कोपरा कुत्र्याने चावल्यासारखा आत गेलेला. कुरिअरच्या पोराला दाखवला तर म्हणाला, "काकू, आत काच आहे का?" काच नव्हती. त्याच्या लेखी प्रश्न मिटला. सही घेतली आणि गेला. कव्हरचा उजवा खालचा कोपरा दुमडलेला निघाला. विकणाऱ्याला फोटो पाठवले, तर उत्तर आलं की तबकडी शाबूत असेल तर पैसे परत नाहीत. तेव्हा पाचातला अर्धा तारा मी इथेच कापून ठेवते. कव्हर सध्या सासूबाईंच्या दगडी पाट्याखाली दाबून ठेवलंय.

वस्तू म्हणजे सॉफ्ट मशीन या ब्रिटिश बँडचा 'थर्ड' हा १९७० चा अल्बम. दोन तबकड्या, नव्याने छापलेल्या, १८० ग्रॅमच्या जाड विनाइलवर. सगळं धरून साडेचार हजारांच्या आसपास पडला. "एवढ्यात हल्ली अर्धा ग्रॅम सोनंसुद्धा येत नाही," असं मी घरात सांगितलं. ह्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

या खटाटोपाचं कारण सांगायचं तर १९८६ मध्ये जावं लागेल. सातपूरच्या एका कारखान्यात मी ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होते. बारा जणांत एकटी बाई. ट्रेसिंग पेपर, रॉटरिंगचं पेन, शाई वाळेपर्यंत बाही लागू नये म्हणून हात अधांतरी धरून बसायचं, आणि अमोनिया प्रिंटच्या खोलीत जाऊन आलं की डोळे चुरचुरायचे. तिथल्या एका सीनियर ड्राफ्ट्समनचा भाऊ मर्चंट नेव्हीत होता. तो बंदराबंदरांत तबकड्या घ्यायचा आणि हे गृहस्थ त्या घरी कॅसेटवर उतरवून ठेवायचे. मी लहानपणी पंचवटीत पेटी शिकले होते हे त्यांना कुठूनतरी कळलं. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत माझ्या बोर्डवर एक कॅसेट येऊन पडली. "यात एक बाजा वाजतो. ऐका आणि सांगा, आपल्या पेटीच्या जातीचा वाटतो का." कॅसेटच्या पट्टीवर स्टेन्सिलने, शाईत, फक्त 'थर्ड' लिहिलेलं. मला वाटलं, बाकीच्यांना दोन प्रती देऊन झाल्या, तिसरी माझ्या वाट्याला आली.

कॅसेट साठ मिनिटांची होती आणि अल्बम पंचाहत्तर मिनिटांचा. चार बाजू, प्रत्येक बाजूला एकच रचना, प्रत्येक रचना अठरा-एकोणीस मिनिटांची. त्यामुळे कॅसेटच्या एका अंगाला पहिली रचना पूर्ण आणि दुसरी बाराव्या मिनिटाच्या आसपास खटकन बंद. दुसऱ्या अंगाला तिसरी पूर्ण आणि चौथीही तशीच अर्ध्यावर. "उरलेलं नंतर देतो," म्हणाले, आणि तीन महिन्यांत पिंपरीची नोकरी धरून निघून गेले. मी ती कॅसेट किती वेळा ऐकली याचा हिशेब नाही. पण जवळपास चाळीस वर्षं माझ्या डोक्यात त्या दोन रचना टेपरेकॉर्डरच्या खटक्यावरच संपत आल्या. तो खटकासुद्धा मला पाठ होता.

२०२५ च्या फेब्रुवारीत त्याच गृहस्थांचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: 'पेटीवाला गेला.' माइक रॅटलेज. मी त्याच रात्री तबकडी शोधायला बसले. मोबाइलवर हे सगळं फुकटात मिळतं, मुलाने दहा वेळा सांगितलंय. पण भाजी निवडता निवडता फोनवर तो शेवट उरकून टाकायचा, हे मनाला पटत नव्हतं. मुलाने माझ्या साठीला दिलेला रेकॉर्ड प्लेयर तोवर नुसता भीमसेनजींच्या दोन आणि माणिकताईंच्या एका तबकडीवर दिवस काढत होता.

आता बँडविषयी. गाव कँटरबरी, इंग्लंडच्या आग्नेय कोपऱ्यातलं. तिथलं कॅथेड्रल म्हणजे शेकडो वर्षांचं तीर्थक्षेत्र. ११७० मध्ये आर्चबिशप टॉमस बेकेट यांचा त्याच देवळात खून झाला आणि तिथून यात्रेकरूंची रीघ लागली. म्हणजे आपल्या नाशिकसारखंच: बाहेरून आलेले लोक हात जोडून उभे आणि गावातल्या पोरांना त्याच घाटाचा, त्याच घंटांचा कंटाळा. सायमन लँग्टन शाळेतली ही पोरं. रॉबर्ट वायट ड्रमवर आणि गायला, माइक रॅटलेज ऑर्गनवर, ह्यू हॉपर हा त्यांचा दोस्त. वायटच्या घरी भाड्याने राहायला आलेला डेव्हिड ॲलन हा ऑस्ट्रेलियन गिटारवाला, आणि बासवर केव्हिन एअर्स. १९६६ मध्ये बँड उभा राहिला. नाव विल्यम बरोज या अमेरिकन लेखकाच्या कादंबरीवरून उचललं. लंडनच्या यूएफओ क्लबात पिंक फ्लॉइड आणि हे, दोघे एकाच काळात वाजवायचे. पिंक फ्लॉइड नाशिकमध्येही टी-शर्टवर पोचले. हे नाही पोचले.

आमच्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असायची. रिव्हिजन कितवी, काय बदललं, कुणी बदललं, तारीख, सही. नवी रिव्हिजन निघाली की कारखान्याच्या मशीन शॉपमधून जुनी प्रिंट परत मागवायची आणि तिच्यावर लाल शिक्का मारायचा: रद्द. सॉफ्ट मशीनचा सगळा प्रवास मला त्या चौकटीत बसवून वाचता येतो. त्यांनी अल्बमांची नावंसुद्धा तशीच ठेवली: 'व्हॉल्यूम टू', 'थर्ड', 'फोर्थ', 'फिफ्थ', 'सिक्स', 'सेव्हन'. बारशाला कुणी आत्याच नव्हती बहुधा.

पहिला बदल तर सरहद्दीवरच झाला. १९६७ मध्ये फ्रान्समधलं वाजवणं आटोपून परतताना ॲलनला ब्रिटनमध्ये शिरू दिलं नाही, कारण आधीच्या मुक्कामात व्हिसाची मुदत उलटून गेली होती. तो पॅरिसला राहिला आणि तिथे 'गाँग' नावाचा नवा बँड त्याने काढला. इकडे या बँडमधून गिटारच गेलं. इतर बँड गिटारवर माना डोलवत होते तेव्हा हे तिघं ऑर्गन, बास आणि ड्रम एवढ्यावर रॉक वाजवत होते. १९६८ मध्ये जिमी हेंड्रिक्सबरोबर अमेरिकाभर फिरले, म्हणजे रोज रात्री जगातल्या सगळ्यात मोठ्या गिटारवाल्याच्या आधी स्टेजवर जायचं आणि तेही गिटारशिवाय. पहिला अल्बम त्याच धावपळीत न्यूयॉर्कला रेकॉर्ड केला. दौऱ्याने एअर्स इतका पिचला की त्याने बँडच सोडला. त्याच्या जागी ह्यू हॉपर आला. तोवर तो बँडचं सामान उचलणं, लावणं, गाडी हाकणं बघत होता. आमच्याकडेही स्टोअरमधला एक पोरगा असाच ड्रॉइंग बोर्डवर आला आणि सगळ्यांच्या पुढे गेला.

त्या ड्राफ्ट्समनच्या प्रश्नाचं उत्तर मला द्यायचं राहून गेलं, ते इथे देते. नाही, हा आपल्या पेटीच्या जातीचा नाही. पण नातं आहे. रॅटलेज लोअरी कंपनीचा ऑर्गन वाजवायचे आणि तो फझ बॉक्समधून काढायचे, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करायचा. गिटारची कमतरता त्याच आवाजाने भरून निघाली. पण त्यात एक गोची होती. आवाज एवढा मोठा ठेवलेला असायचा की पट्ट्यांवरून हात उचलला रे उचलला की सगळं यंत्र फीडबॅकने किंचाळायला लागायचं. म्हणून हात उचलायचाच नाही. एका सुराला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, मध्ये श्वास नाही. पेटीवाल्याला भात्याची सक्ती असते, यांना किंकाळीची. रॅटलेजच्या त्या लांबच लांब, न तुटणाऱ्या ताना मला पूर्वी नुसती हौस वाटायची. त्यामागची अडचण कळल्यावर मी त्या नव्याने ऐकल्या.

तर आता बाजू लावते.

पहिली बाजू, 'फेसलिफ्ट', हॉपरची रचना. हे स्टुडिओतलं नाही. १९७० च्या जानेवारीतले दोन कार्यक्रम, एक क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉल्समधला आणि एक बर्मिंगहॅमच्या मदर्स क्लबातला, कापून-जोडून केलेली आहे. सुरुवातीची काही मिनिटं रॅटलेज ऑर्गनमधून असे काही आवाज काढतात की खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायला आल्या, मिक्सर बिघडलाय का. मग हळूहळू त्या गोंधळातून ती मुख्य धून वर येते, जड, रुंद, ट्रकसारखी. आणि इथेच मला एक मोठा धक्का बसला. ही रचना दबलेली, गढूळ ऐकू येते याचा दोष मी इतकी वर्षं त्या कॅसेटला देत आले. हेडवर मळ असेल, टेप जुनी असेल, उतरवताना काहीतरी चुकलं असेल. साडेचार हजार रुपये खर्चून कळलं की ती मुळातच तशी आहे! घोंगडीतून ऐकल्यासारखी. नव्या छपाईने त्यात काही फरक पडलेला नाही, पडणारही नाही. कॅसेटची मी मनोमन माफी मागितली. ज्यांना लखलखीत आवाज हवा त्यांनी हा अल्बम घेऊच नये, उगाच मला नंतर बोल लावाल.

दुसरी बाजू, 'स्लाइटली ऑल द टाइम', रॅटलेज यांची. आता यात ह्यांचा प्रवेश. ह्यांनी तीस वर्षं एसटीत काढली आणि चाळीस वर्षं भजनी मंडळात तबला वाजवला. घरात काहीही लागलं की उजव्या मांडीवर बोटं चालू. कूकरची शिट्टी असो नाहीतर जाहिरात, मात्रा मोजल्याशिवाय चैन नाही. पहिल्या बाजूला हे पेपरामागे होते. दुसरी सुरू झाली, बास संथ चालायला लागला, आणि पेपर खाली आला. "अगं, ही सम कुठंय?" मी म्हटलं, "अहो, ऐका तरी." या लोकांना सरळ चार मात्रांचा कंटाळा होता. सात, नऊ, अकरा असे हिशेब रॅटलेज यांच्या आवडीचे. आणि ते अवघड आहे हे ऐकणाऱ्याला कळूही देत नाहीत, चाल अशी ऐटीत जाते. ह्यांनी आधी रूपक लावून बघितला, मग मान हलवली, मग म्हणाले, "हा मत्तताल होतोय बहुतेक. नऊ." थोड्या वेळाने, "नाही नाही, आता बदलला." मग अल्टो सॅक्सोफोनवर एल्टन डीन येतो. पुढे जे एल्टन जॉन म्हणून जगभर गाजले त्यांनी आपल्या नावातला 'एल्टन' याच्याकडून घेतला होता. जिमी हेस्टिंग्ज यांची बासरी येते. आणि मग ती जागा. जिथे माझ्याकडे खटका होता.

मी श्वास धरला होता, ट्रेसिंगला धरायचे तसा. खटका झाला नाही. वेग गेला, सगळं थांबल्यासारखं झालं, आणि सॅक्सोफोनवर एक संथ, खिन्न धून सुरू झाली. इतकी साधी की या बँडची वाटू नये. चाळीस वर्षं मी त्या जागी मनातल्या मनात एक तिहाई घालून रचना संपवत होते. आणि इथे त्या जागेपुढे एक अख्खी खोली होती, मी दाराशी उभी राहून परत जात होते. नंतर वाचलं की या धुनेला मूळ नाव 'बॅकवर्ड्स' आणि त्याच कँटरबरीच्या कॅरव्हॅन या बँडलाही ती इतकी आवडली की त्यांनी १९७३ च्या आपल्या अल्बममध्ये ती घेतली. मला नवल वाटलं नाही. पुढे ती धून वेग घेते, ह्यांची बोटं पुन्हा चालू होतात, पण त्या दिवशी मी परत सुई मागे नेली. तीन वेळा. भाजी लागली ती लागलीच.

पहिल्या तबकडीबद्दल एक तक्रार: फिरताना किंचित वर-खाली होते. ऐकू येत नाही, पण सुईकडे बघत बसलं की दिसतं. आणि तिसऱ्या बाजूच्या सुरुवातीला भरपूर चटचट आहे, नव्या तबकडीला न शोभणारी. कोरड्या फडक्याने पुसून फरक पडला नाही. आणखी अर्धा तारा कापला.

ही चटचट नेमकी त्याच बाजूला यावी याचा जास्त राग आला, कारण तिसरी बाजू म्हणजे 'मून इन जून', आणि ती वायटची. या अल्बमवरची ही एकटीच गायलेली रचना. नावातच टिंगल आहे. इंग्रजी प्रेमगीतात चंद्र आला की जून येणारच, जसं आपल्याकडे 'चांदरात' म्हटलं की पुढच्या ओळीत 'बरसात' ठरलेली. पहिला अर्धा भाग वायटने जवळपास एकट्यानेच केला आहे: गाणं, ड्रम, ऑर्गन, पियानो, बाससुद्धा. बाकीचे दोघं नंतर येतात. आवाज पातळ, उंच, जरा कापरा, आणि उच्चार अमेरिकन करण्याचा अजिबात प्रयत्न नाही. आपल्या गावच्या इंग्रजीत, बोलल्यासारखा गातो. न्यूयॉर्कजवळ राहून घरची आठवण काढतो, आपण गाणं गातोय याचीच चेष्टा करतो. बीबीसीवर १९६९ मध्ये हीच रचना गाताना त्याने शब्द बदलून बीबीसीचे आभार मानले आणि जवळच्या चहाच्या मशीनचाही उल्लेख केला. मला हे फार आपलं वाटतं. आमच्या भजनी मंडळातला एक बुवा असाच, अभंगाच्या मध्येच "पंखा जरा कमी करा" हेही सुरात म्हणायचा.

बोल संपले की वायटच्या गाण्यातून बँडचं वाजवणं सुरू होतं आणि शेवटी रॅब स्पॉल यांचं व्हायोलिन येतं, टेपचा वेग बदलत ओढलेलं, वेड्यासारखं. माझ्या कॅसेटवर ही बाजू पूर्ण होती, त्यामुळे इथे नवीन काही सापडलं नाही. तरी याच बाजूला मी सगळ्यात जास्त तारे दिले असते, चटचटीसकट.

कारण पुढे काय झालं ते आता ठाऊक आहे. 'थर्ड' जून १९७० मध्ये आला. ऑगस्टमध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, प्रॉम्स या शास्त्रीय संगीताच्या मानाच्या महोत्सवात यांना वाजवायला बोलावलं. रॉक बँडला तिथे असा मान पूर्वी मिळाला नव्हता. वायटनेच सांगितलेला किस्सा आहे: वाजवायच्या आधी तो मागच्या दाराने सिगारेट ओढायला बाहेर गेला, तर दारवान त्याला परत आत घेईना. मला आत वाजवायचंय म्हटल्यावर दारवानाने त्याला वेड्यात काढलं, आत फक्त खरं संगीत असतं म्हणाला. कालिदास कलामंदिराच्या मागच्या दाराशी हे कुणाबाबतीत झालं असतं तर मी बघायला उभी राहिले असते.

आणि वर्षभरात त्याच्या स्वतःच्या बँडनेही तेच केलं. 'फोर्थ'मध्ये, १९७१, एकही शब्द गायलेला नाही. रॅटलेज आणि हॉपर यांना जॅझच्या वाटेने पुढे जायचं होतं, डीन तर मुळातलाच जॅझचा, आणि गाणं म्हणजे यांना पोरकटपणा वाटायला लागला असावा. वायट नुसता ड्रम वाजवत बसला आणि त्याच वर्षी बाहेर पडला. त्याने नवा बँड काढला, नाव 'मॅचिंग मोल'. इंग्रजीत अर्थ लावायला गेलं तर जुळणारी चिचुंद्री, पण फ्रेंचमध्ये सॉफ्ट मशीनला जे म्हणतात, 'माशीन मोल', त्याचा हा उच्चार. इतका हसत हसत काढलेला राग मी दुसरा बघितलेला नाही. १९७३ च्या जूनमध्ये एका पार्टीत तो खिडकीतून पडला आणि कंबरेखालचा भाग कायमचा गेला. ड्रम संपले. पुढच्या वर्षी त्याचा 'रॉक बॉटम' आला, चाकाच्या खुर्चीतून केलेला. तो अल्बम वेगळा लिहायचा विषय आहे आणि मी तो रात्री ऐकत नाही.

इकडे चौकटीत रिव्हिजन वाढत गेल्या. 'फिफ्थ'च्या एका बाजूला एक ड्रमर, फिल हॉवर्ड, आणि दुसऱ्या बाजूला दुसरा, जॉन मार्शल. अर्ध्या कामात माणूस बदलल्याचं ड्रॉइंगवरून कळतं तसं तबकडीवरूनही कळतं, रेघेची जाडी बदलते. 'सिक्स'ला कार्ल जेंकिन्स आले आणि डीन गेला. 'सेव्हन'ला हॉपर गेला, रॉय बॅबिंग्टन आला. मार्शल, जेंकिन्स, बॅबिंग्टन हे सगळे इयन कार यांच्या न्यूक्लिअस या जॅझ-रॉक बँडशी जोडलेले, म्हणजे पाटी सॉफ्ट मशीनची आणि आतले कारागीर शेजारच्या दुकानातले. १९७५ च्या 'बंडल्स'मध्ये इतक्या वर्षांनी गिटार परत आलं, ॲलन होल्ड्सवर्थ यांचं, आणि काय आलं! पहिली जवळपास अख्खी बाजू 'हॅझर्ड प्रोफाइल' नावाची लांब रचना आहे, तिच्यातली त्यांची बोटं ऐकून मुलगासुद्धा खोलीतून बाहेर आला. ते फार टिकले नाहीत, जाताना जॉन एथरिज यांचं नाव सुचवून गेले. १९७६ मध्ये रॅटलेज बाहेर पडले. तिथून पुढे पहिल्या दिवसातलं कुणीच आत उरलं नाही.

जेंकिन्स यांना पुढे मोठं यश मिळालं, 'आडिएमस' आणि 'द आर्म्ड मॅन'मुळे. आता ते सर आहेत. २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाला त्यांच्या झुपकेदार मिशा टीव्हीवर दिसल्या आणि लोकांनी इंटरनेटवर अफवा उठवली की ही वेषांतर केलेली राजांची सून मेगन आहे. ह्यांना तेवढीच गोष्ट सॉफ्ट मशीनबद्दल आवडली.

बँड तसा अजून आहे. २०१५ पासून त्याच जुन्या नावाने पुन्हा वाजवायला लागले, २०१८ ला 'हिडन डिटेल्स', २०२३ ला 'अदर डोअर्स' काढला. मार्शल त्याच वर्षी गेले. नवे अल्बम मी मोबाइलवर ऐकले. नीटस आहेत, वाजवणारे तयारीचे आहेत. मला त्यात कुठेही कुणी पंखा कमी करा म्हणत नाही.

मी स्वतः आयुष्यभर मायक्रॉनच्या हिशेबात रेघा मारल्या, मला नेमकेपणाचं वावडं नाही. 'फोर्थ' आणि 'सेव्हन' मी अचूक ड्रॉइंग बघावं तशा कौतुकाने ऐकते. पण लाल शिक्का मारलेल्या जुन्या प्रिंट आम्ही फेकत नसू, मागे कोरं असायचं, मुलांना चित्रं काढायला घरी न्यायचो. 'थर्ड' ही तशी एकच प्रिंट आहे जिच्या एका बाजूला ड्रॉइंग आणि दुसऱ्या बाजूला पोराने काढलेला हत्ती, दोन्ही शाबूत. पहिल्यांदा घेणाऱ्याने म्हणून हाच घ्यावा. अगोदर गाणी हवीत तर 'व्हॉल्यूम टू'. गिटारचे चाहते असाल तर सरळ 'बंडल्स'. 'फिफ्थ' मात्र सगळं ऐकून झाल्यावर. आणि शक्य असेल तर सीडीची ती आवृत्ती बघा जिच्यात प्रॉम्सचा कार्यक्रम जोडलेला आहे.

चौथी बाजू राहिली. 'आउट-ब्लडी-रेजस', पुन्हा रॅटलेज. नावाची गंमत अशी की इंग्रजी शब्दाच्या पोटातच शिवी घुसवली आहे. आपण 'अफाट'ला 'अ-च्यायला-फाट' म्हणावं तसं. सुरुवातीला बराच वेळ नुसते टेपचे फेरे, ऑर्गनचे सूर एकमेकांवर चढत, उलटे-सुलटे फिरत राहतात, रामकुंडावर पहाटे चार-पाच देवळांच्या घंटा एकदम ऐकू येतात तसे, कुठली कुठून ते कळत नाही. मग बँड दणकन आत येतो. डीनचा सॅक्सोफोन, निक इव्हान्स यांचा ट्रॉम्बोन. अकराव्या-बाराव्या मिनिटाला मी पुन्हा सावध झाले, खटक्याच्या जागी. खटका नव्हता, पियानो होता. आणि सगळ्यात शेवटी ते सुरुवातीचेच फेरे परत येतात आणि विरत जातात. म्हणजे ज्या माणसाला हात उचलता येत नव्हता त्याने शेवटी हात उचलला आणि टेपला वाजू दिलं.

ह्यांनी मांडीवरची बोटं थांबवली. "संपलं?" मी म्हटलं, "हो, संपलं." "मग त्या साहेबांना कळव की," म्हणाले, "उरलेलं मिळालं म्हणून." मी पिंपरीला मेसेज टाकला. दोन निळ्या खुणा आल्या, मग एक अंगठा.

तारे पाचापैकी चार. कव्हरचा कोपरा अजून पुरता बसलेला नाही, पण ते आज पाट्याखालून काढावं लागणार. उद्या पुरण वाटायचंय.